दोन काठ, एक नाका

(वाचनालयाच्या सभागृहातलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवून काढलंय, बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी. आज मला ज्या जागेबद्दल बोलायचंय ती फक्त चार किलोमीटर रुंद आहे. अलीकडे डेन्मार्कचं हेलसिंगोर, पलीकडे स्वीडनचं हेलसिंगबोर्ग, मधे ओरेसुंडची सामुद्रधुनी. फेरीबोटीने वीस मिनिटं. माझी भाची माल्मोला राहते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा मी एका दिवसात चार वेळा ही फेरी मारली, ती म्हणाली, मामा, बघण्यासारखं बाकीचंही आहे इथे, पण मला तिथून हलवेचना. बोटीच्या कठड्याला टेकून दोन्ही काठ एकदम दिसतात, आणि एकदा ते तसे दिसले की सतराव्या शतकाचा सगळा गुंता डोक्यात सुटायला लागतो, निदान माझ्या डोक्यात तरी सुटला.

पत्रिकेवर विषय छापलाय, सतराव्या शतकातल्या उत्तर युरोपातली युद्धं आणि बदलत्या आघाड्या. मोठा विषय आहे. मला त्यातून एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायचीय. डच लोकांनी १६४५ पासून १७०० पर्यंत कधी स्वीडनच्या बाजूने, कधी डेन्मार्कच्या बाजूने, परत स्वीडनच्या, परत डेन्मार्कच्या अशा उड्या मारल्या, आणि तरी माझं म्हणणं आहे की ते एकदाही बदलले नाहीत. हे सिद्ध करून दाखवतो. पण त्याआधी नाका समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं नावांचं जंजाळ वाटेल.

तर हेलसिंगोरला जकात नाका होता. १४२९ च्या सुमारास सुरू झाला तो १८५७ ला बंद झाला, म्हणजे सव्वाचारशे वर्षं. बाल्टिक समुद्रात जायचं किंवा तिथून बाहेर पडायचं तर जहाजांची सोयीची वाट हीच, आणि डेन्मार्कच्या राजाकडे त्या काळात दोन्ही काठ होते, पलीकडचा स्कोने प्रांतसुद्धा तेव्हा डॅनिशच. क्रोनबोर्ग किल्ल्याच्या तोफा पाण्याकडे तोंड करून बसलेल्या. जहाज थांबवायचं, कागद दाखवायचे, पैसे भरायचे, पुढे जायचं. आणि हा पैसा थेट राजाच्या खिशात जायचा, सरदारांच्या मंडळाला विचारायची गरज नाही. ज्या राजाला कर वाढवायला सरदारांची मनधरणी करावी लागते त्याला असा स्वतःचा नाका म्हणजे काय चीज असेल बघा.

आता एक कोडं घालतो. माल किती किमतीचा आहे हे कप्तानाने स्वतः सांगायचं आणि त्यावर जकात भरायची. नाकेदाराने माल उपसून बघत बसायचं नाही. आता मला सांगा, तुम्ही कप्तान आहात, किंमत किती सांगाल? (सभागृहातून: कमी!) बरोब्बर, सगळे कमीच म्हणाले. पण नियमात पुढचं कलम होतं की तुम्ही जी किंमत सांगाल त्या किमतीला तो माल विकत घ्यायचा हक्क राजाला आहे. आता सांगा किती सांगाल? (हशा) शांतता झाली की नाही! एका कलमात माणूस सरळ होतो. मला हे कलम इतकं आवडतं की माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी ते एकदा तरी सांगितलेलं आहे. आणि या नाक्याच्या वह्या शिल्लक आहेत, १४९७ पासूनच्या, मधे काही वर्षं गहाळ आहेत पण १५७४ पासून जवळपास सलग, अठरा लाखांच्या आसपास जहाजांच्या नोंदी, कोण कप्तान, कुठला, कुठून कुठे, काय माल. आता इंटरनेटवर शोधता येतात. मी रात्र रात्र त्यात घालवलीय.

त्या वह्या उघडल्या की सतराव्या शतकात सगळ्यात जास्त दिसतात ते डच. पोलंडच्या डान्झिग बंदरातून राय आणि गहू, नॉर्वे-बाल्टिकचं लाकूड, डांबर, दोरखंडाचा ताग. अॅमस्टरडॅमचं पोट या धान्यावर आणि डचांचं आरमार या लाकडा-डांबरावर. मसाल्याच्या जहाजांचं आपल्याला कौतुक, कारण ती आपल्याकडे आली, पण डच स्वतः बाल्टिकच्या व्यापाराला सगळ्या व्यापाराची आई म्हणायचे. आईच्या दारात नाका बसलाय, हे लक्षात ठेवा, बास.

आता १६४३ ला या. डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियन चौथा, म्हातारा, हट्टी, गेली काही वर्षं जकात वाढवत सुटलेला, डच वैतागलेले. आणि डिसेंबरमध्ये स्वीडनचा सेनापती टोर्स्टेनसन जर्मनीतून, युद्ध वगैरे जाहीर न करता, खालच्या बाजूने डेन्मार्कमध्ये घुसला. लक्षात घ्या, स्वीडन आणि डेन्मार्क दोघे प्रॉटेस्टंट, दोघे तीस वर्षांच्या युद्धात कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढलेले. धर्माने आघाड्या ठरतात म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पुढच्या जुलैत समुद्रावरच्या लढाईत ख्रिस्तियनचा एक डोळा गेला, सदुसष्ट वर्षांचा होता, डेकवर पडला आणि उठून लढत राहिला, डेन्मार्कच्या राष्ट्रगीतांपैकी एकात त्याचं वर्णन आहे. स्वीडनच्या मदतीला जहाजं कुठून आली? लुई द गेर नावाचा डच उद्योगपती स्वीडनमध्ये तोफांचे कारखाने चालवायचा, त्याने हॉलंडमध्ये जहाजं भाड्याने घेऊन अख्खं आरमार उभं केलं. आणि १६४५ च्या उन्हाळ्यात डच सरकारने स्वतःच अॅडमिरल विटे द विट याला पाठवलं, शेकडो व्यापारी जहाजं, सोबत लढाऊ जहाजं, आणि हा ताफा क्रोनबोर्गच्या नाकासमोरून एक छदाम न भरता निघून गेला. विटे द विट. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

डेन्मार्क नमला. ऑगस्ट १६४५, ब्रोम्सेब्रोचा तह. गॉटलंड, ओसेल ही बेटं गेली, येम्टलंड आणि हेर्येडालन गेले, आणि हाल्लांड प्रांत तीस वर्षांसाठी स्वीडनकडे तारण. डेन्मार्कच्या बाजूने वाटाघाटी कोणी केल्या? कोर्फिट्झ उलफेल्टने. राजाचा जावई, दरबारातला सगळ्यात मोठा अधिकारी. हे दुसरं नाव.

आता मला थोडं मनातलं बोलू द्या. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी या उलफेल्टवर लेख लिहिला. लेखाचा अर्धा भाग नाक्यावर होता, कारण मुळात मला तेच सांगायचं होतं. अंक हातात आला तर नाक्याचा सगळा भाग कापलेला आणि मथळा, 'फितूर!' पुढे उद्गारचिन्ह. संपादकांना फोन केला तर म्हणाले, वाचकाला माणूस पाहिजे, जकात नको. मला खरंच वाईट वाटलं, आजही वाटतं. मथळ्यापेक्षा मला त्या सवयीचं जास्त वाईट वाटतं. आपल्याला इतिहास वाचताना फितुरी सापडली की हायसं वाटतं, उत्तर मिळालं, अमका फितूर झाला म्हणून हरलो, वही बंद. मग त्याच्या मागे कोणाचं धान्य अडलं होतं, कोणाचा नाका होता, कर्ज कोणाचं होतं हे कोणी विचारत नाही. आज इथे बोलायला बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते या कापलेल्या अर्ध्या लेखासाठीच.

असो. पुढे. १६५४ ला स्वीडनच्या क्रिस्टिना राणीने गादी सोडली आणि तिचा आतेभाऊ कार्ल दहावा गुस्ताव राजा झाला. पुढच्याच वर्षी तो पोलंडवर गेला. पोलंडचा राजा यान काझिमिर हासुद्धा त्याच वासा घराण्यातला, त्याचा बाप एके काळी स्वीडनचा राजा होता आणि त्याला काढून टाकलेलं, त्यामुळे यान काझिमिर स्वतःला स्वीडनचाही राजा म्हणवायचा. सरळ भाऊबंदकी. त्यात रशियाने वर्षभर आधीच पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरकाव केलेला. १६५५ च्या जुलैत पश्चिम पोलंडच्या सरदारांनी न लढताच शरणागती पत्करली, सप्टेंबरात वॉर्सा पडलं, ऑक्टोबरात क्राकुव्ह, राजा सिलेशियात पळाला. पोलिश लोक या काळाला 'महापूर' म्हणतात. पण वर्ष संपता संपता यास्ना गोराच्या मठाने वेढा परतवला, सरदार परत फिरले, कालपर्यंत स्वीडनला मुजरा करणारे आता त्याच्याच मागे लागले. आणि रशिया? रशियाला दिसलं की पोलंडपेक्षा स्वीडन जास्त फुगलाय, त्याने १६५६ ला पोलंडशी युद्ध थांबवून स्वीडनवर हल्ला केला, रिगाला वेढा घातला.

या गर्दीत एक माणूस मला फार अभ्यासण्यासारखा वाटतो, उत्तर जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडीत मत असलेला संस्थानिक, फ्रेडरिक विल्हेल्म. त्याच्याकडे प्रशियाची जहागीर होती, पण पोलंडच्या राजाचा मांडलिक म्हणून. जानेवारी १६५६, कोनिग्सबेर्गचा तह, स्वीडनने दाबलं म्हणून तो पोलंडऐवजी स्वीडनचा मांडलिक झाला. जूनमध्ये मारिएनबुर्गला स्वीडनशी पूर्ण दोस्ती, जुलैत वॉर्साच्या तीन दिवसांच्या लढाईत दोघे मिळून पोलंडविरुद्ध लढले आणि जिंकले. नोव्हेंबरात लाबियाऊचा तह, स्वीडन अडचणीत आला होता म्हणून याने किंमत वाढवली, आता मांडलिकी नको, प्रशिया स्वतंत्र पाहिजे, स्वीडनने दिला. आणि सप्टेंबर १६५७ ला वेलाऊला पोलंडकडून तीच गोष्ट मिळवली आणि बाजू बदलली. वीस महिन्यांत मांडलिक, दोस्त, स्वतंत्र, शत्रू. १६६० ला सगळ्यांनी त्याच्या स्वतंत्र प्रशियावर शिक्कामोर्तब केलं, आणि १७०१ ला त्याच्याच मुलाने तिथे राजमुकुट चढवला. प्रशियाचं राज्य, पुढचं जर्मनी, या वीस महिन्यांच्या पायावर उभं आहे. याला तुम्ही फितूर म्हणा, मुत्सद्दी म्हणा, पण त्याला काय हवंय ते पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

आता बर्फ. यावर मी जरा रेंगाळणार आहे, आधीच सांगतो.

जून १६५७ मध्ये डेन्मार्कचा नवा राजा फ्रेडरिक तिसरा, त्याला वाटलं की कार्ल पोलंडच्या चिखलात रुतलाय, हीच वेळ, गेलेलं परत घ्यायची. युद्ध पुकारलं. कार्लला तर हे हवंच होतं, पोलंडमधून सन्मानाने बाहेर पडायला निमित्त मिळालं. तो पोमेरेनिया ओलांडून सरळ डेन्मार्कच्या मुख्य भूमीवर, जटलंडवर, खालून आला, ऑक्टोबरात त्याच्या सैन्याने फ्रेडरिक्सओडेचा किल्ला घेतला. पण पुढे काय? कोपनहेगन आहे शेलांड बेटावर, मधे समुद्र, आणि समुद्रात डॅनिश आरमार. तो अडकला. आणि मग थंडी पडली. अशी थंडी की समुद्रच गोठला. डॅनिश जहाजं बंदरात बर्फात रुतली आणि समुद्राची जमीन झाली.

एरिक डालबर्ग नावाचा तिशीतला इंजिनियर राजाबरोबर होता, किल्ले बांधणारा, नकाशे काढणारा माणूस. बर्फ किती जाड आहे, घोडे पेलेल का, तोफा पेलतील का, हे तपासायचं काम त्याचं. ३० जानेवारी १६५८, पहिली सामुद्रधुनी, छोटा बेल्ट. रांगा विरळ ठेवल्या, घोड्यांमधे अंतर, आणि तरी एका ठिकाणी बर्फ फुटला, घोडेस्वारांच्या दोन तुकड्या घोड्यांसकट खाली गेल्या. ओलांडून पलीकडे गेले ते फ्यून बेटावर, तिथल्या डॅनिश फौजेला तिथेच मोडलं. पण खरी भीती पुढे, मोठा बेल्ट. सरळ वाट रुंद आणि धोक्याची, म्हणून डालबर्ग दक्षिणेकडची बेटांची वाट तपासून आला आणि म्हणाला, जाता येईल. सेनापती व्रांगेलसारखे जाणते लोक नको म्हणत होते. राजाने डालबर्गचं ऐकलं. ५ फेब्रुवारीच्या रात्री निघाले, फ्यूनवरून लांगेलांड, लांगेलांडवरून लोलांड, मग फाल्स्टर, मग शेलांड. हजारो घोड्यांच्या टापांनी वरचा बर्फ वितळून घोटाघोटा पाणी साचलेलं, रात्रीच्या अंधारात खाली बर्फ आहे की समुद्र हे कळत नव्हतं. तुम्ही क्षणभर तिथे उभे राहून बघा. पायाखाली समुद्र आहे, पुढच्या घोड्याने जिथे पाय ठेवला तिथेच ठेवायचा, आणि वसंत लवकर आला तर परत जायची वाटच नाही.

११ फेब्रुवारीला राजा शेलांडवर. कोपनहेगन तयार नव्हतं, तटबंदी पडकी. २६ फेब्रुवारीला रोस्किल्डचा तह. बर्फावर पहिलं पाऊल ठेवल्यापासून सत्तावीस दिवसांत डेन्मार्कने स्कोने, ब्लेकिंगे, हाल्लांड कायमचं, बोहुसलेन, बोर्नहोल्म बेट आणि नॉर्वेमधला ट्रोंडहाइम प्रांत, एवढं दिलं. सामुद्रधुनीचा पलीकडचा काठ गेला तो गेलाच, आजही भाचीच्या माल्मोत स्वीडिशच बोलतात.

(मधेच एक सांगतो, या तारखा डेन्मार्क-स्वीडनच्या जुन्या कॅलेंडरच्या आहेत, हॉलंडचं कॅलेंडर दहा दिवस पुढे. एकच लढाई डॅनिश पुस्तकात ऑक्टोबरात आणि डच पुस्तकात नोव्हेंबरात सापडते, तेव्हा कोणी चुकलंय असं समजू नका.)

आणि आता रोस्किल्डच्या टेबलावर बघा. स्वीडनच्या बाजूला कोण बसलंय? कोर्फिट्झ उलफेल्ट! १६४५ ला ज्याने डेन्मार्कच्या वतीने तह केला तोच आता स्वीडनच्या वतीने डेन्मार्कचे लचके तोडतोय. मधल्या काळात काय झालं? सासरा वारला, नवा राजा म्हणजे मेव्हणा गादीवर आला, पैशाच्या अफरातफरीची चौकशी लागली, विषप्रयोगाच्या कटाचा आरोप झाला, तो आरोप खोटा ठरून आरोप करणाऱ्या बाईलाच फाशी झालं... चुकलो, तिचं डोकं उडवलं, पण हा १६५१ ला बायकोला घेऊन पळाला तो स्वीडनला. बर्फावरच्या मोहिमेत लोलांडवरचं नाकस्कोव्ह शहर शरण आणायचं काम यानेच केलं. डेन्मार्कच्या बाजूने सही करणारा गर्सडॉर्फ, तो म्हणाला असं सांगतात की मला लिहिता येत नसतं तर बरं झालं असतं.

पुढे त्याचं स्वीडनशीही बिनसलं, स्वीडिशांनी त्याच्यावर कटाचा खटला चालवला, तो पळून परत कोपनहेगनला आला, तिथे राजाने नवराबायको दोघांना बोर्नहोल्मवरच्या हामर्सहूस किल्ल्यात डांबलं. सुटल्यावर परदेशी गेला आणि काय केलं असेल? डेन्मार्कची गादी तुला मिळवून देतो असा निरोप ब्रांडेनबुर्गच्या त्या इलेक्टरला पाठवला! वीस महिन्यांत बाजू बदलणारा आपला तोच इलेक्टर. त्याने काय केलं? पत्र सरळ डेन्मार्कच्या राजाला कळवलं. त्याला डेन्मार्कचा मुकुट नको होता, प्रशिया पुरे होता. १६६३ ला उलफेल्टला गैरहजेरीत मृत्युदंड, त्याच्या पुतळ्याचा शिरच्छेद, कोपनहेगनमधलं त्याचं घर जमीनदोस्त आणि त्या जागी दगडी खांब, त्यावर कोरलं, देशद्रोही कोर्फिट्झ उलफेल्टच्या चिरंतन बेअब्रूसाठी. तो १६६४ ला ऱ्हाइन नदीवर एका होडीत मेला. खांब आता संग्रहालयात आहे, चौकात रेस्टॉरंट आहेत, मी तिथे बसून कॉफी प्यायलो आणि माझ्या दिवाळी अंकाचा मथळा आठवत राहिलो.

पण मला रडू येतं ते लिओनोरा क्रिस्टिनासाठी. त्याची बायको, राजाची मुलगी. इंग्लंडच्या राजाने त्यांच्याकडून घेतलेलं कर्ज मागायला ती इंग्लंडला गेली तर त्याने कर्ज तर दिलं नाहीच, तिला पकडून डेन्मार्कच्या हवाली केलं. कोपनहेगनच्या निळ्या बुरुजात १६६३ ते १६८५. जवळपास बावीस वर्षं. तिथे तिने आठवणी लिहिल्या, त्या थेट १८६९ ला छापल्या गेल्या, आज डॅनिश गद्याचा तो ठेवा मानतात. तिने कुठलीच बाजू बदलली नव्हती, नवऱ्याची सोडली नाही एवढंच.

सुरुवातीला एका ताईंनी विचारलं होतं, या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय. आहे, ताई. ख्रिस्तियन चौथ्याने ओवे गेड्डे नावाच्या तरुण सरदाराला हिंदुस्थानात पाठवलं होतं, त्याने १६२० ला तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगमबाडी मिळवली, तिथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. हाच गेड्डे पुढे १६४४-४५ च्या युद्धात डॅनिश आरमाराचा अॅडमिरल. आणि ही युद्धं सुरू झाल्यावर तरंगमबाडीला डेन्मार्कहून पंचवीसहून जास्त वर्षं एक जहाज आलं नाही. तिथली डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी बुडाली, माणसं मेली, पळाली. शेवटी किल्ला धरून बसला तो एस्किल अँडरसन कोंग्सबाके नावाचा साधा शिपाई, शेवटचा डॅनिश माणूस. कोंग्सबाके हे हाल्लांडमधल्या गावाचं नाव, तेच हाल्लांड जे १६४५ ला तारण गेलं आणि १६५८ ला कायमचं स्वीडनचं झालं. म्हणजे नावावरून बघाल तर ज्या गावचा तो, ते गाव स्वीडिश झालं आणि हा इकडे कावेरीच्या मुलखात डॅनिश झेंडा लावून बसलाय! १६६९ ला पुढचं जहाज आलं. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तंजावर व्यंकोजीराजे भोसल्यांकडे आलं, डॅनिश लोक नायकांना जो खंड भरायचे तो मग आपल्या मराठी राजांना भरायला लागले.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. आणि मुख्य मुद्दा राहिलाय. ठीक आहे, भराभर सांगतो, लक्ष द्या.

रोस्किल्डच्या तहात एक कलम होतं जे प्रांतांच्या यादीत लोक विसरतात. दोघांनी मिळून परक्या शत्रू आरमारांना बाल्टिकमध्ये येऊ द्यायचं नाही. परकं आरमार म्हणजे कोण? डच! आतापर्यंत डचांना त्रास एका नाकेदाराचा होता, आता नाकेदार आणि त्याचा शेजारी मिळून दार लावणार. डेन्मार्क या कलमावर टाळाटाळ करायला लागला, आणि ज्या फ्रेडरिकने तहानंतर कार्लला फ्रेडरिक्सबोर्ग राजवाड्यात मेजवानी दिली होती त्याच्यावरच ऑगस्ट १६५८ ला कार्ल परत चालून गेला. आता सगळं डेन्मार्कच गिळायचं, दोन्ही काठ स्वीडनचे. सल्लागार म्हणाले पळा, फ्रेडरिक म्हणाला, मी माझ्या घरट्यात मरेन. कोपनहेगनला वेढा, सप्टेंबरात क्रोनबोर्ग पडला. नाका आता स्वीडनच्या हातात.

आणि मग डच आले. ऑक्टोबरअखेर, डच कॅलेंडरने ८ नोव्हेंबर १६५८, ओब्दामच्या हाताखाली चाळीसच्या आसपास जहाजं, उत्तरेचा वारा पकडून, क्रोनबोर्गच्या तोफांसमोरून आत घुसली. व्रांगेलच्या आरमाराशी भयंकर लढाई. कोपनहेगन वाचलं, धान्य पोचलं, फौज पोचली. त्या लढाईत डचांच्या आघाडीच्या तुकडीचा अॅडमिरल मारला गेला, जहाज बुडालं. नाव काय? (सभागृहातून: विटे द विट!) विटे द विट. तेरा वर्षांपूर्वी याच पाण्यातून, याच किल्ल्यासमोरून डेन्मार्कला खिजवत निघून गेलेला माणूस डेन्मार्कला वाचवताना मेला. रॉटरडॅमच्या चर्चमध्ये त्याची संगमरवरी समाधी आहे. उलफेल्टनेही त्याच तेरा वर्षांत बाजू बदलली आणि त्याला खांब मिळाला. फरक कुठे आहे? द विटने बाजू बदललीच नाही. १६४५ ला एकट्या डेन्मार्कच्या हातात दार होतं म्हणून डच डेन्मार्कविरुद्ध, १६५८ ला एकट्या स्वीडनच्या हातात जाणार होतं म्हणून स्वीडनविरुद्ध. दोन काठ एका हातात नकोत. एवढंच त्यांचं परराष्ट्र धोरण, माझ्या मते.

पुरावा पाहिजे? पुढचं बघा. फेब्रुवारी १६५९ ला कोपनहेगनवरचा रात्रीचा हल्ला नागरिकांनी परतवला, स्वीडिश सैनिक बर्फात दिसू नयेत म्हणून पांढरे सदरे घालून आले होते. डिसेंबरातच बोर्नहोल्मच्या लोकांनी स्वीडिश सुभेदाराला गोळी घालून बेट परत डॅनिश राजाला देऊन टाकलं होतं. नोव्हेंबर १६५९ ला द रॉयटरच्या डच जहाजांनी फौज फ्यूनवर उतरवली, न्यूबोर्गला स्वीडिश सैन्याचा चुराडा झाला. फेब्रुवारी १६६० ला कार्ल आजारी पडून मेला, सदतिसाव्या वर्षी, मुलगा चार वर्षांचा. आता डेन्मार्क म्हणतो, चला, स्कोने परत घेऊ, डच मित्र सोबत आहेतच. आणि डच काय म्हणाले? नाही! आदल्याच वर्षी हेगला इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंडने बसून ठरवलं होतं, तह रोस्किल्डच्या पायावरच होईल. कोपनहेगनचा तह, १६६०. ट्रोंडहाइम आणि बोर्नहोल्म परत डेन्मार्कला, स्कोने स्वीडनकडेच. परक्या आरमारांना बंदीचं कलम गेलं. एक काठ याचा, एक काठ त्याचा. जीव वाचवलेल्या मित्राला डचांनी त्याचा स्वतःचा प्रांत परत घेऊ दिला नाही, कारण स्कोने परत मिळाला की दोन्ही काठ पुन्हा डेन्मार्कचे.

पाच मिनिटं. १६६८, इंग्लंड, हॉलंड आणि स्वीडन यांची फ्रान्सविरुद्ध त्रिपक्षीय आघाडी. १६७२ ला फ्रान्सने पैसे देऊन स्वीडनला फोडलं. म्हणून १६७६ ला डच परत डेन्मार्कसोबत, कोर्नेलिस ट्रोम्पच्या नेतृत्वाखाली ओलांडच्या लढाईत स्वीडनचं भलंमोठं 'क्रोनान' जहाज वळता वळता कलंडलं आणि स्फोटाने उडालं, डॅनिश फौज स्कोनेत उतरली, डिसेंबरात लुंडला भयंकर रक्तपात. पण १६७८ ला डचांनी फ्रान्सशी आपापला तह करून टाकला, डेन्मार्क एकटा पडला, आणि १६७९ ला फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दबावाखाली जिंकलेलं सगळं परत. स्कोने पुन्हा स्वीडनचा, काठ पुन्हा वाटलेले. डचांनी त्यासाठी एक अश्रू ढाळल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

आणि शेवटचं, मग बसतो. १७००. डेन्मार्क, रशिया आणि सॅक्सनी मिळून स्वीडनच्या तरुण राजावर, बाराव्या कार्लवर उठले, डेन्मार्क आता वरचढ होणार असं वाटायला लागलं. जुलैमध्ये डच आरमार ओरेसुंडमध्ये आलं, सोबत इंग्रज, आणि यावेळी स्वीडनच्या बाजूने, बेचाळीस वर्षांपूर्वी जिथे विटे द विट बुडाला त्याच पाण्यात. स्वीडिश फौज शेलांडवर हुमलेबेकला उतरली. आणि त्या आरमाराने तोफा डागल्या त्या कोपनहेगनवर.

वेळ संपली, माहितीये. त्या मागच्या रांगेतल्या सरांचा हात मघापासून वर आहे, विचारा सर.